फोटोवरून मी नाव सांगत नाही

फोनवर एक पान येतं. हिरवं, थोडं हललेलं, कडेला कुणाचा तरी अंगठा. खाली प्रश्न असतो, 'मॅडम, हे काय आहे?' नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. आमच्या डोंबिवलीत माणसं कोथिंबिरीच्या जुडीसाठीही याहून जास्त बोलतात. मी उत्तर लिहिते, 'फोटोवरून मी नाव सांगत नाही. फांदी घेऊन या, नाहीतर मला तिथे न्या.' निम्मे लोक त्यावर गप्प होतात. उरलेले खरंच फांदी घेऊन दारात उभे राहतात, आणि त्यांना मी चहा करते.

कल्याणच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि तिथला वाळवलेल्या झाडांचा संग्रह सांभाळला. कागदावर चिकटवलेल्या फांद्या, प्रत्येकीखाली झाडाचं नाव आणि ती सापडली ते गाव. कुणी अनोळखी झाड आणलं की ते या फांद्यांशी ताडून बघायचं, हे माझं काम. विद्यार्थी त्या खोलीला शवागार म्हणायचे. मला त्याचा राग यायचा, कारण खोलीत डांबराच्या गोळ्यांचा वास यायचा हे खरंच होतं. निवृत्त झाले तेव्हा संग्रह सुटला, विचारणारी माणसं सुटली नाहीत.

लोकांना वाटतं, झाड ओळखणं म्हणजे तोंडपाठ असणं. तसं नाही. लहान रोप जवळजवळ काहीच सांगत नाही. बियातून निघालेली पहिली दोन पानं तर बहुतेक झाडांची सारखीच, ती बघून नाव सांगणारा माणूस थापा मारतो असं खुशाल समजावं. मग पान चुरडून वास घ्यायचा, देठ मोडून चीक येतो का बघायचा, पान उजेडाकडे धरायचं. एवढं करूनही कळलं नाही तर फुलाची वाट बघायची. वर्गात मी सगळ्यात जास्त उच्चारलेला शब्द 'थांबा' हाच असेल.

आणि झाडाआधी मातीची चौकशी करायची. सोसायटीच्या वाफ्यातली माती कुठून तरी ट्रकने आलेली असते आणि तिच्यातून बिया, कंद, मुळांचे तुकडे गुपचूप प्रवास करतात. कुणीही न लावलेलं झाड उगवलं की माळ्याला दम भरण्याआधी विचारावं, माती कुठली?

ठाण्याच्या एका सोसायटीत कुणी न लावलेलं एक झाड वाढलं होतं. तिथले लोक श्रावणात दर सोमवारी त्याची तीन-तीन पानं बेल म्हणून पिंडीवर वाहत होते. मी पान चुरडलं, बेलाचा वास नाही. फांदीवर काटा नाही. तो वायवर्णा होता. तेही तीन पानांचंच झाड, चांगलं देशी, औषधी. हे सांगितल्यावर तिथल्या एका काकूंचा चेहरा असा पडला की मला माझ्याच ज्ञानाचा कंटाळा आला. मी म्हटलं, "इतकी वर्षं शंकराने तक्रार केली नाही ना? मग आता तुम्ही कशाला करता?" त्यांना ते पटलं आणि तोडायला निघालेलं झाड वाचलं.

एकदा मात्र हसायची सोय नव्हती. इमारतीमागे खेळणारी मुलं उलट्या करत दवाखान्यात आली होती आणि डॉक्टरांनी त्यांच्या खिशातल्या बिया माझ्याकडे पाठवल्या. एरंड की चंद्रज्योत? दोन्ही विषारीच, पण एरंडाचं विष जास्त वाईट. बी काळी, खरखरीत, एरंडासारखी ठिपक्यांची नाही. चंद्रज्योत. मी नाव सांगितलं आणि खुर्चीवर बसून राहिले. मुलं बरी झाली. नाव चुकलं तर कुणाला तरी भोगावं लागतं, हे त्या दिवशी मला पुस्तकाबाहेर कळलं.

पण मला लिहायचंय ते टिटवाळ्याच्या वाफ्याबद्दल.

सुजाता माझी जुनी विद्यार्थिनी. टिटवाळ्याला नव्या झालेल्या टॉवरमध्ये राहते. मे महिना संपत आलेला असताना तिचा फोन आला. फोटो पाठवला नाही यावरूनच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

"मॅडम, आमच्या वाफ्यात काहीतरी उगवलंय. पान नाही, काही नाही. नुसतं मातीतून बोट वर आल्यासारखं. मांसाच्या रंगाचं. आणि त्याच्या भोवती राखेचं रिंगण आहे."

"मग?"

"सावंत म्हणून आमचे सेक्रेटरी आहेत, त्यांच्या नातीने ते हातात धरलं आणि हात तोंडाला लावला. ओठ सुजले तिचे, रडून रडून अर्धी झाली. आता सगळे म्हणतात, करणी आहे. सातव्या मजल्यावर एक आजी आहेत, चांगुबाई. वॉचमनने त्यांना पहाटे तिथे काहीतरी पुरताना बघितलं होतं. मॅडम, ती जमीनच त्यांची होती हो. बिल्डरने त्यांच्या शेतावर ही बिल्डिंग बांधली आणि त्यांना फ्लॅट दिले. आता रविवारी मीटिंग आहे. त्यांचा मुलगा जनार्दन म्हणतोय, आईला खडवलीला बहिणीकडे सोडतो, पण वाद नको."

अशा आरोपाविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "कायदा आहे हो. पण लिफ्टमध्ये त्या शिरल्या की लोक बाहेर पडतात, त्याचं काय करायचं?" म्हातारीला घर सोडायला लागणार होतं, तेही स्वतःच्याच जमिनीवरचं. मी शनिवारीच टिटवाळ्याला गेले.

वाफा फाटकाजवळ होता. सदाफुली, जास्वंद आणि एका कोपऱ्यात ते. वीतभर उंच, टोकदार, जांभळट तपकिरी आवरणात घट्ट गुंडाळलेलं. आसपास एकही पान नाही. बघितल्याबरोबर माझ्या मनात नाव आलं, पण मनात आलेल्या नावावर विश्वास ठेवायचा नाही ही माझी सवय. या जातीची भावंडं बरीच आहेत आणि गुंडाळलेल्या स्थितीत ती एकमेकांसारखी दिसतात. सावंत शेजारी उभे होते. साधा माणूस, डोळ्याखाली जागरण. मी विचारलं, "माती कुठली?"

"नर्सरीची. लाल माती मागवली ट्रकभर. सगळ्या वाफ्यांना तीच." मग घसा साफ करून म्हणाले, "मॅडम, मी शिकलेला आहे. असल्या गोष्टी मानत नाही मी. पण नातीचे ओठ बघितले ना, तेव्हा सगळं शिक्षण गेलं."

ते खोटं बोलत नव्हते. मी म्हटलं, "त्या आजींना विचारलंत का, काय पुरलं म्हणून?"

सावंतांनी सुजाताकडे पाहिलं, सुजाताने माझ्याकडे. इतक्या दिवसांत सगळे चांगुबाईंबद्दल बोलले होते, त्यांच्याशी कुणीच बोललं नव्हतं.

सातव्या मजल्यावर जनार्दनने दार उघडलं. पन्नाशीचा, अबोल, शरमलेला. चांगुबाई बाल्कनीत जमिनीवर बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातलं वय, कष्टलेली गडद बोटं. शेजारी रंगाचा रिकामा डबा, त्यात थोडी माती.

"तू कोन गो बाय? डाक्टर?"

"नाही मावशी. झाडांची मास्तरीण."

"मग तुला ठावं असंल, खाली काय आयलाय ता."

"शेवळं असावं असं वाटतंय. पण तुम्हालाच विचारायला आले."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "शेवलाच हाय. आमचे बांधावचा."

मग त्या सांगत गेल्या आणि मी ऐकत गेले. शेतावर जेसीबी आला त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी बांधावरून शेवळ्याचा एक कंद उकरून आणला. इमारत उभी राहीपर्यंत तो भाड्याच्या खोलीत, रंगाच्या डब्यात राहिला. दर वर्षी पान यायचं, फूल नाही. "डब्यान पान येतं. फूल नाय. त्याला खाली जमीन लागते," त्या म्हणाल्या. म्हणून मागच्या वर्षी त्यांनी तो वाफ्यात लावला. लाल मातीच्या खाली हात घातला तर आपल्याच शेताची काळी माती लागली, असंही सांगितलं. पहाटे लावला, कारण दिवसा वॉचमन वाफ्यात पाय ठेवू देत नाही.

"आणि राख?"

"कंद कुजू नये, मुंग्या लागू नये म्हनून. पोरीकडं खडवलीला चूल हाय, तिथशी आनली. आन यंदा कोंब आयला तवा भवतीनं घातली ती माल्यानं खुरपा मारू नये म्हनून."

कापलेल्या, दुखावलेल्या कंदाला राख लावायची, हे मी वर्गात शिकवत आले होते. राखेचं रिंगण ऐकून माझ्याही डोक्यात आधी ते आलं नव्हतं.

"मावशी, मग हे कुणाला सांगितलं का नाही?"

"कोनी इचारला नाय."

मी निघताना त्या म्हणाल्या, "बाय, खाली सांग त्यांना, हात नका लावू म्हनावा. खाज येते. आन पयला फूल तोडायचा नसतो. पयला उमलू द्यायचा, मंग त्याचा बी पडतो." मी हो म्हटलं. त्यांच्या घरात नव्या जागेतलं पहिलं फूल देवाचं, दुसऱ्यापासून माणसांचं, अशी रीत होती.

रविवारी मीटिंग तळमजल्याच्या हॉलमध्ये झाली. मी उभी राहिले आणि ठरवलं होतं तसं बोलले. हे शेवळं. ठाणे जिल्ह्यातली रानभाजी, या दिवसांत कल्याणच्या बाजारात टोपलीत मिळते, तुमच्यातल्या निम्म्यांच्या आज्यांनी ती केलेली आहे. यात डोळ्याला न दिसणाऱ्या सुईसारख्या कणांची गच्च भरती असते, ते ओठात, जिभेत टोचतात, म्हणून सूज येते. अळू नीट शिजलं नाही की घसा खाजतो, तोच प्रकार. म्हणून शेवळ्याच्या भाजीत काकडं घालतात, लहान आंबट हिरवी फळं, म्हणजे खाज मरते. राख कंदासाठी. करणी कुठेही नाही.

लोकांचे चेहरे सैल झाले. माझा जीव भांड्यात पडला. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण भाजी कशी चविष्ट असते तेही मी रंगात येऊन सांगून बसले.

मागून कुणीतरी बोललं, "भाजी आहे ना? मग आजींना करून खाऊ दे सगळ्यांसमोर. विषय एंड."

"बरोबर आहे," दुसरं कुणीतरी म्हणालं. "आम्ही पण खाऊ."

मी म्हटलं, "बाजारातून जुडी आणू. त्याची भाजी करतील त्या."

"बाजारातलं कशाला? प्रश्न ह्या झाडाचा आहे. हेच तोडा."

मी सांगितलं की हे पहिलं फूल आहे, किती तरी वर्षांनी आलंय, त्यांच्या रीतीप्रमाणे ते तोडत नाहीत. वर्गात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा. तिथे पहिल्या रांगेपलीकडे गेला नाही. रीत हा शब्द ऐकून उलट दोन-तीन जणांच्या कपाळावर पुन्हा आठ्या आल्या. सावंतांनी सगळ्यांना शांत केलं आणि हात जोडून चांगुबाईंना म्हणाले, "आजी, तुमची मर्जी. जबरदस्ती नाही."

चांगुबाई भिंतीशी बसल्या होत्या. जनार्दन त्यांच्याजवळ वाकला आणि हळू बोलला, पण हॉलमध्ये इतकी शांतता होती की सगळ्यांना ऐकू गेलं.

"आई, तोड ना. मिटंल सगळा. नायतर मना तुला खडवलीला सोडायला लागंल."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, वाफ्यापाशी गेल्या, चपला बाहेर काढल्या, आणि माळ्याच्या कोयतीने ते बुंध्याशी कापलं. एकच हात मारला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, याचं मला आजही बरं वाटतं.

एका शेवळ्याची भाजी होत नाही. जनार्दनने कल्याणच्या बाजारातून काकडं आणली, घरचे वाल भरपूर घातले, तेव्हा मोठं पातेलं झालं. चांगुबाईंनी शेवळ्याचं बाहेरचं आवरण सोलून टाकलं, आतला दांडा बारीक चिरला, तेलावर परतला. संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांना वाटीत घासघास मिळाली. पहिला घास सावंतांनी घेतला. नंतर त्यांनी चांगुबाईंच्या पायाला हात लावला आणि माफी मागितली, मनापासून. लोकांनी बोटं चाटली. मीही खाल्ली. भाजी फार चांगली झाली होती.

चांगुबाईंनी खाल्ली नाही. लिफ्टपाशी मी त्यांना गाठलं. सांत्वन करायला माझ्याकडे शास्त्रच होतं. "मावशी, कंद शाबूत आहे. आता पान येईल, पुढच्या वर्षी पुन्हा फूल येईल."

"येल गो," त्या म्हणाल्या. "मना भाजी नवती खायची. आमचे जमिनीन आमचा काय तरी उगवलेला बघायचा होता. उमललेला."

लिफ्ट आली. आत एक बाई होती, ती बाहेर पडली नाही. थोडी सरकून तिने जागा करून दिली. चांगुबाई वर गेल्या. माझं काम झालं होतं. झाडाचं नाव बरोबर निघालं, माणूस घरात राहिला, आणि मी घरी येऊन रडले. का ते नवऱ्याला नीट सांगता आलं नाही.

श्रावणात वाफ्यात पान आलं. एकच देठ आणि वर छत्रीसारखं उघडलेलं, चिरत गेलेलं पान. चांगुबाई रोज खाली येऊन त्याच्याशेजारी बसायच्या आणि आता वॉचमन खुर्ची आणून द्यायचा, असं सुजाताने कळवलं. दिवाळीनंतर पान पिवळं पडून जिरलं. शेवळ्याचं तसंच असतं, थंडीत वर काही दिसत नाही. त्याच थंडीत चांगुबाई गेल्या. झोपेत गेल्या, असं जनार्दनने फोनवर सांगितलं आणि फोन लगेच ठेवला.

त्यानंतर सांडपाण्याचा पाइप फुटला. कामगारांनी फाटकाजवळचा अख्खा वाफा उकरला, माती वरखाली झाली, उरलेला खड्डा नव्या ट्रकच्या मातीने भरला. सुजाता म्हणाली, "मॅडम, कंद गेला असणार." मलाही तसंच वाटलं. अशा उकरणीत कंद कुदळीने चिरतो नाहीतर राड्यारोड्याबरोबर निघून जातो. नव्या मातीतून दुसरं काहीही उगवू शकतं, त्याच्या भावंडांपैकीही एखादं.

यंदा मे महिन्यात माझ्या फोनवर एक फोटो आला. थोडा हललेला, कडेला अंगठा. लाल मातीतून वर आलेलं टोकदार, जांभळट, घट्ट गुंडाळलेलं काहीतरी. जुन्या जागेपासून चांगलं दोन हात लांब. भोवती राखेचं रिंगण होतं, आणि राख ताजी होती. खडवलीच्या चुलीवरून जनार्दन ती घेऊन आला असणार. नमस्कार नव्हता, ख्यालीखुशाली नव्हती. खाली त्याने एवढंच लिहिलं होतं.

'मॅडम, हे आईचंच ना? उमलू देणार आहे.'

मी चष्मा पुसून फोटो मोठा करून बघितला. त्यावरून काहीच सांगता येत नव्हतं. फूल उघडायला हवं होतं, आतला दांडा बघायला हवा होता, कंद हातात घ्यायला हवा होता. नियम माझाच आहे आणि तो मी चांगल्या कारणासाठी केलेला आहे.

मी लिहिलं, 'हो. आईचंच.'